थंड कपाळाचा भरवसा

ताप म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. चार पोरं वाढवली, दीर-नणंदांची वाढवली, त्याआधी माहेरची मेंढरं सांभाळली. हात लावला की मला ताप कळायचा. आता हात लावते आणि काही कळत नाही. माझा हात तोच आहे. बदललं ते दुसरंच काही, आणि ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. जेवढं उमगलं तेवढं लिहिते.

आमचं माहेर सांगोल्याकडच्या माळावर. मी चौथी शिकले, मग मेंढरांमागे गेले. लग्न होऊन सोलापुरात आले ती इथलीच झाले. आता घरात मी, सून आणि पहिलीतली नात. मुलगा टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, रविवारी येतो. सून टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. म्हणजे दिवसभर नात माझ्याकडेच. तिची शाळा, तिचं खाणं, तिची भांडणं, सगळं माझ्याकडे.

उन्हाळ्यात तिला ताप यायला लागला. सकाळी पोरगी बरी असायची. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला अंग तव्यासारखं तापायचं, आणि पोटावर, मांड्यांवर, काखेत गुलाबी पुरळ उमटायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, हवेतला ताप आहे, जाईल. जाईना. मग तिचे गुडघे सुजले. सकाळी उठताना ती भिंतीला धरून उठायची आणि माझ्यासारखी चालायची. मला ते बघवेना. म्हातारीनं तसं चालावं, एवढ्याशा पोरीनं नव्हे.

अंगावर पुरळ आणि ताप म्हटल्यावर आमच्यात काय करायचं ते ठरलेलं आहे. घरात आई, म्हणजे देवी, आली असं म्हणायचं. गोवर असो, कांजिण्या असोत, आईच म्हणायचं. दाराला कडू लिंबाचा पाला बांधायचा, पोराच्या अंथरुणाखाली पाला घालायचा. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, आईला तो ठसका सोसत नाही. अंगावर उठलेल्याकडे बोट करायचं नाही, ते मोजायचं नाही. पुरळ मावळलं की पोराला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि आईला वाटेला लावायचं. मग फोडणी सुरू. मी हे सगळं केलं. मला त्यात काही चूक वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

पण घोळ झाला तो वेगळाच. पुरळ सकाळी मावळायचं. मी न्हाणीत पाणी तापवायला ठेवायचे. आणि संध्याकाळी ते परत हजर. आता आई गेली म्हणायची की आहे म्हणायची? आई येते ती मुक्कामाला येते. रोज संध्याकाळी येऊन सकाळी निघून जाणारी आई मी ऐकली नव्हती.

शेजारी तेलुगू घर आहे. मागावर चादरी विणतात. तिथली बाई माझ्याच वयाची. तिला बोलावलं. तिनं लांबूनच पाहिलं आणि हात जोडून आपल्या कपाळाला लावले.

"आमच्यात अम्मवारू म्हणतात. तीच आहे ही."

"मग रोज जाती कुटं?" मी म्हटलं.

"ते मला काय माहीत? आमची अम्मवारू अशी ये-जा नाही करत. तुमची करत असेल."

"आमची बी न्हाय करत की!"

घरी जाताना ती म्हणाली, फोडणी मात्र देऊ नको हां. ते मला तिनं सांगायची गरज नव्हती.

तर आमच्या घरात फोडणी बंद झाली ती झालीच. आई जाईना म्हणून न्हाणं होईना, न्हाणं होईना म्हणून फोडणी सुरू होईना. सून कारखान्यातून येऊन पांढरीफटक आमटी खायची आणि माझ्याकडे बघायची. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

मोठ्या दवाखान्यात सून तिला दोनदा घेऊन गेली, दोन्ही वेळा सकाळी, कारण सुट्टी सकाळचीच मिळायची. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, पुरळ कुठे आहे? पुरळ कुठलं असणार, सकाळचे दहा वाजलेले. रक्त तपासलं, जंतू काही सापडले नाहीत. सून घरी आली ती तणतणतच.

"आत्या, आज संध्याकाळी मी मोबाईलवर फोटू काढनार. डॉक्टर बाईंनी सांगितलंय."

"आईचा फोटू काढत्यात व्हय? ठेव ते खाली."

"मग त्यास्नी कळायचं कसं?"

"डोळ्यानं बघावं."

"संध्याकाळी डॉक्टर आपल्या घरी चहाला येनार हायत का आत्या?"

मी तिला फोटो काढू दिला नाही. बोट करायचं नाही तिथं मोबाईल रोखायचा, हे मला पटेना. पण पोरगी भिंतीला धरून चालत होती, तेही मला दिसत होतंच. दुसऱ्या दिवशी सून कारखान्यातून यायच्या आत, ताप चढायला लागल्या लागल्या, मी पोरीला शालीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि दवाखान्यात गेले. फोटो नाही तर नाही, खरीच दाखवते म्हटलं.

नशिबानं तीच डॉक्टर ड्यूटीवर होती. तिनं फ्रॉक वर केला. पोटभर गुलाबी पुरळ. ती शेजारच्या नर्सला म्हणाली, "हे बघा," आणि बोट पुढे केलं. मी तिचं बोट धरलं.

"बोट न्हाय दाखवायचं."

"का हो आजी?"

"न्हाय दाखवायचं. बघायचं तेवढं बघा."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं बोट मिटलं आणि हात पाठीमागे घेऊन वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं आत्ता आणलंत. फोटो काढला असता तर लवकर कळलं असतं, पण ठीक आहे."

त्या दिवशीच पोरीला भरती केलं. हाडातला रस काढून तपासला, हृदय तपासलं, काय काय तपासलं. दुसरं काही वाईट नाही ना, ते आधी बघायचं होतं म्हणे. शेवटी डॉक्टरनं सुनेला आणि मला समोर बसवून सांगितलं की हा एक वाताचा आजार आहे, लहान मुलांना होणारा. नाव लांबलचक आहे. सुनेला पाठ झालंय, मला नाही. रोज एक इंजेक्शन द्यायचं, घरीच, कातडीखाली. सुनेनं मान हलवली. मी नाही हलवली.

"जंतू कुठला हाय?" मी विचारलं.

"जंतू नाही आजी."

"मग ताप कशाचा?"

"तिच्याच शरीराचा."

हे मला कळेना. ताप येतो तो बाहेरून येतो. पाणी बाधतं, वारं बाधतं, नजर लागते, आई येते, जंतू येतो. यायला कोणी तरी लागतं. कोणी आलंच नाही आणि ताप आला, असं कसं होईल? सून मला कोपरानं ढोसत होती. डॉक्टर म्हणाली, असू दे, विचारू दे.

मी म्हटलं, "इंजेक्शन सून देनार. पोरीला धरनार मी. कशासाठी धरते ते मला कळाय नको?"

मग तिनं खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, छातीच्या मधल्या हाडामागे लहान मुलांना एक ग्रंथी असते.

"ग्रंथी म्हंजी?"

"मऊ गोळा समजा. पांढरट. मोठेपणी आटून जातो."

तो मला माहीत होता. कोकरू कापलं की छातीत मानेकडच्या अंगाला तसा गोळा निघतो, म्हाताऱ्या मेंढीत नसतो. कशाला असतो, ते आमच्यात कोणी विचारलं नव्हतं. तव्यावर टाकायचा एवढंच.

"माझा आटला आसंल," मी म्हटलं.

"केव्हाच. चरबी झाली असेल त्याची."

"मग मी कशावर चाललीय?"

"लहानपणी तिथं ज्या पेशी शिकून बाहेर पडल्या, त्यांच्यावर."

चौथीपर्यंतच्या शाळेवर मी सगळा जन्म काढला, तसंच हे दिसतंय, असं मी म्हटलं. सून पहिल्यांदा हसली.

पुढचं मात्र अवघड होतं. डॉक्टर म्हणाली, त्या गोळ्यात कच्च्या पेशी असतात. शरीरात दुसऱ्या काही पेशी राखणीला असतात, त्यांना जंतू दिसला की त्या एक द्रव्य सोडतात. ते एक प्रथिन असतं.

"प्रथिन डाळीत आसतं की. शाळेत शिकलेय."

"हो, जात तीच, पण हे वेगळं."

"मग डाळ बंद करू का पोरीची?"

"अजिबात नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरचे लोक आत डोकावले.

ते द्रव्य पहिल्यांदा लोकांच्या ध्यानात आलं ते म्हणे असं, की गोळ्यातल्या कच्च्या पेशींवर ते घातलं की त्या जाग्या होऊन वाढायला लागायच्या. आणि मग कळलं की तेच द्रव्य डोक्यापर्यंत जाऊन ताप चढवतं. एकच वस्तू. इकडे कच्च्यांना जागं करणार, तिकडे अंग तापवणार. माझ्या नातीच्या शरीरात ते द्रव्य कारण नसताना सुटत होतं. त्यानंच ताप, त्यानंच पुरळ, त्यानंच गुडघे.

मी ते माझ्या परीनं बसवून बघितलं. माहेरी आमच्या मेंढरांच्या वाड्यावर म्हातारा कुत्रा असायचा. लांडग्याचा वास आला की तो भुंकायचा, मग पिल्लं जागी व्हायची आणि तीही भुंकायला शिकायची. पिल्लांना भुंकणं कोणी वेगळं शिकवत नाही. आणि एखादा कुत्रा असा निघायचा की लांडगा नसताना भुंकत सुटायचा. मग मेंढरं बुजायची, भोवती लावलेलं वाघरीचं जाळं तोडून एकमेकांवर पडायची, लांडगा न येताच दोन कोकरं चेंगरायची. डॉक्टरला हे सांगितलं.

ती म्हणाली, "बरंचसं असंच."

"मग ह्या इंजेक्शननं कुत्र्याचं तोंड बांधायचं?"

ती म्हणाली, "तोंड नाही बांधत. भुंकणं चालूच राहतं. ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालतं."

इथपर्यंत मला कळलं असं वाटलं. आणि तिथंच परत सगळं विस्कटलं. कारण मी विचारलं, "आन मग लांडगा खराच आला तर?"

डॉक्टर म्हणाली, "शरीरात राखणीचे इतरही मार्ग आहेत. पण जंतू आला तर ताप कदाचित चढणार नाही. म्हणून तुम्ही लक्ष ठेवायचं. पोरगी मलूल दिसली, खाईना, खेळेना, की लगेच घेऊन यायचं."

"कपाळ गरम लागंल की."

"लागेलच असं नाही आजी. कपाळ थंड आहे म्हणून घरी थांबू नका."

परत येताना रिक्षात सुनेला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. एवढे दिवस ताप जावा म्हणून लिंब बांधला, फोडणी सोडली. आता ताप जाणार आणि मी म्हणे ताप नाही म्हणून काळजी करायची.

इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. दह्याचं भांडं खालच्या कप्प्यात गेलं. रोज सकाळी सून कारखान्याला निघायच्या आधी टोचायची. ते आग करतं. मी पोरीला दोन गुडघ्यांत धरायचे, लोकर कातरताना मेंढी धरतात तशी. मान एका हातानं, पाय दुसऱ्या हातानं.

"मी काय मेंढरू हाय का गं आज्जे?"

"मेंढरू बरं. ते चावत न्हाय."

ती खरंच चावायची. माझ्या मनगटावर दातांची खूण असायची. एकदा टोचून झाल्यावर तिनं विचारलं, "आत गेलेलं औषध कुटं जातं?" मी म्हटलं, कानात बोळे घालायला. तिनं दोन्ही कान चाचपले आणि म्हणाली, मला ऐकू येतंय की. तिला मी काय समजावणार?

ताप मात्र गेला. दोन-चार दिवसांतच गेला, पुरळ गेलं. गुडघे ओसरायला वेळ लागला, पण ओसरले. शाळा सुरू झाली तेव्हा ती दप्तर घेऊन पळत गेली. सून रडली. मी नाही रडले, मला डबा द्यायचा राहिला होता.

तरी फोडणी मी सुरू केली नाही. सून म्हणाली, "आत्या, आता तरी? पुरळ गेलं, ताप गेला, आई गेली."

"कशावरून गेली? कानात बोळे हायत पोरीच्या. आत काय चाललंय तुला दिसतंय का?"

"मग लिंब काढा, न्हायतर औषध बंद करा. दोन्ही कशाला?"

"दोन्ही चालू दे. कुटलं लागू पडलं, तुला तरी कुटं ठावं हाय?"

तिला ठाऊक होतं. मलाही बहुतेक ठाऊक होतं. पण बहुतेक म्हणजे पक्कं नव्हे. पोरीला न्हाऊ न घालता, आईला नैवेद्य न दाखवता, आपण होऊनच घरात फोडणी घातली आणि पोरीला काही झालं, तर मी कोणाला विचारायला जाणार?

मग तो दिवस आला. गुरुवार होता, शाळेला कसली तरी सुट्टी होती. सकाळभर पोरगी शेजारी माग बघायला गेली होती. दुपारी परत आली ती गप्पच. ताट वाढलं, भाकरी, शेंगाचटणी, पांढरी आमटी. तिनं ताट सरकवलं. एरवी शेंगाचटणीसाठी भांडते ती पोरगी. भिंतीला टेकून बसली, मग आडवी झाली. मी कपाळाला हात लावला. थंड. काखेत हात घातला. थंड. थर्मामीटर लावला, त्यातही काही नाही.

आजवर एवढ्यावर मी म्हटलं असतं, झोपू दे. आता थंड लागलं आणि मी थर्मामीटर परत लावला. डॉक्टरचं बोलणं आठवत राहिलं. खाईना, खेळेना, मलूल. तिन्ही समोर होतं. कपाळ काही सांगत नव्हतं, आणि सांगत नव्हतं हेच वाईट असू शकत होतं. सुनेला फोन लावला.

"ताप किती हाय?"

"न्हायच."

"मग काय झालं?"

"न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय."

ती म्हणाली, निघा तुम्ही, मी सुट्टी टाकून तिकडंच येते. मी परत शाल काढली, रिक्षा केली. पोरगी म्हणत होती, आज्जे, मला काय झालं न्हाय. मी म्हटलं, तुझं कोण विचारतंय?

डॉक्टरनं घसा बघितला, कान बघितले, छाती ऐकली, पोट दाबलं, लघवी तपासली, बोटातून रक्त घेतलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. सून आली, तिच्या केसांत टॉवेलचे धागे अडकले होते. मी ते काढत बसले, दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी डॉक्टर बाहेर आली.

"काही नाही आजी. चांगली आहे."

"नीट बघितलं का?"

"नीट बघितलं."

"मग मी उगीच आणली?"

"उगीच नाही. पुढच्या वेळीही आणा."

पुढच्या वेळी म्हणजे कधी, कशावरून ओळखायचं? ते तिनं सांगितलं नाही, तिलाही सांगता येण्यासारखं नसावं.

रिक्षात पोरगी दोघींच्या मध्ये बसली होती. बाजारपेठ मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "आज्जे, मारनार न्हाईस ना?"

"का?"

"मी सकाळी शेजारी भजी खाल्ली. मिरचीची. आन चिंचेचा भात. दोनदा."

सून तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी म्हटलं, "मग तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तू तळलेलं खाऊ देत न्हाईस. फोडणीचं बी न्हाय. आई चिडंल म्हणतीस. मला वाटलं, आई चिडली आन मी आजारी पडली तर तू मला मारशील."

म्हणजे भरल्या पोटानं पोरगी मलूल झाली होती, आणि माझ्या भीतीनं गप्प बसली होती. मला तिचा राग आला, शेजारणीचा आला. फोडणी देऊ नको म्हणून मला सांगून गेलेली बाई माझ्याच नातीला तळून घालते. घरी गेल्यावर मी तिच्या दारात जाऊन हे बोलले.

ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं, ते उन्हाळ्यात. आता दिवाळी आली! अजून तू आमटी पांढरीच करतेस? पोरगी मागून खाते माझ्याकडे."

मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं इंजेक्शन दिलं, मी धरलं, पोरगी चावली. मग मी लिंबाचा पाला घालून पाणी तापवलं आणि तिला न्हाऊ घातलं. दहीभात दाखवला. दाराला बांधलेला पाला वाळून चुरा झाला होता, तो काढून टाकला. आईला म्हटलं, तू होतीस का नव्हतीस मला कळलं नाही, होतीस तर सुखानं जा. याहून खरं मला बोलता येईना.

संध्याकाळी सुनेला सांगितलं, आमटीला फोडणी दे. तिनं हात आखडता घेतला नाही. लसूण, मोहरी, जिरं, लाल मिरची, सगळं घातलं. घरभर धूर झाला. पोरगी ताट घेऊन बसली होती, तिला जोराचा ठसका लागला, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात आपोआप तिच्या कपाळावर गेला.

थंड होतं. मग ध्यानात आलं की त्यातून काही कळत नाही. तरी मी हात काढला नाही. फोडणीचा ठसका की दुसरं काही, एवढं तरी कळतं का म्हणून मी तशीच बसले.

"आज्जे," पोरगी म्हणाली, "हात काढ की. मला आमटी दिसंना."